उलाळ

बैलगाडी रस्त्यावरून गेली तशी तिच्याबरोबर तिची शब्दसंपत्तीही गेली. जू, शिवळ, साटी, आरी हे शब्द आता कोशात विश्रांती घेत पडले आहेत. त्यांतलाच एक शब्द मला मात्र अगदी अलीकडे, आणि तोही राष्ट्रीय महामार्गावर, पुन्हा भेटला. तो शब्द म्हणजे 'उलाळ'.

माझ्या वडिलांचे गाव उदगीर तालुक्यातले. म्हणजे १९५६ पूर्वीच्या हैदराबाद राज्यातले. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही मुले तेथे जात असू आणि शेतावर जाणाऱ्या गाडीत मागच्या बाजूस पाय सोडून बसत असू. आमची संख्या वाढली की गाडी हाकणारा जुना गडी मागे न पाहताच ओरडे, "पोरांनो, पुढं सरका! गाडी उलाळ व्हायली." आसाच्या मागे भार अधिक झाला की धुरा वर उचलली जाते, जू बैलांच्या गळ्याला लागते, आणि चढावर तर सारी गाडीच मागे बसते. उलट भार फार पुढे आला तर तो बैलांच्या मानेवर बसतो. म्हणून ओझे आसावर घ्यायचे आणि त्याचा थोडासा अंश पुढे ठेवायचा. हे शास्त्र त्या निरक्षर माणसाला हाताच्या स्पर्शाने कळत असे. मी मात्र कायद्याची पदवी घेतली, दोन दशके वकिली केली, आणि ते साफ विसरून गेलो.

ते मला आठवण्याचे निमित्त एका नौकेचे झाले. हैदराबादेत समुद्र नाही. परंतु हुसेनसागर आहे. इब्राहीम कुली कुतुबशहाच्या काळात, १५६२-६३ च्या सुमारास बांधलेल्या या तलावावर पावसाळी वारा सुटला की शिडांच्या नौका फिरू लागतात आणि जुलै महिन्यात शर्यतीही होतात. माझी मुलगी तेथे नौकानयन शिकू लागली. ही वार्ता गोव्याला माझ्या मामांच्या कानी गेली. मामांचे सारे आयुष्य मांडवी आणि जुवारी या नद्यांवर खनिजाच्या बार्जींवर गेलेले. वयाची ऐंशी वर्षे उलटली, दृष्टी मंदावली, आणि घरामागच्या माडांखाली त्यांची हौसेची जुनी नौका उपडी पडून राहिली. त्यांनी निरोप धाडला, "ती चेडवाक दी. हांव आतां व्हडें चलोवंक पावना." आता या नौकेला नकार देणे म्हणजे मामांना नकार देणे होते.

नौका 'एंटरप्राइज' जातीची. जॅक होल्ट या इंग्रज आराखडेकाराने १९५६ साली या जातीची रचना केली. प्लायवूडची, दोघांनी हाकायची, लांबी चार मीटरांहून जरा अधिक, नुसत्या सांगाड्याचे वजन सुमारे ९० किलो, आणि शिडे निळी. मामांच्या नौकेची शिडे आता निळी आहेत की राखाडी यावर मामींचे आणि त्यांचे मतैक्य नव्हते.

नौका आणायची तर ट्रेलर हवा. एका परिचिताकडे तो होता. वीजजनित्र वाहून नेण्यासाठी तो घडवलेला. जाड लोखंडी चौकट, मालमोटारीला शोभतील असे कमानपाटे. तो पाहून मला फार समाधान वाटले. टनभर वजनाचे यंत्र जो पेलतो त्याला एवढीशी नौका म्हणजे फूल, असा मी युक्तिवाद केला. आणि प्रतिपक्ष उपस्थित नसल्यामुळे तो मान्य झाला. त्या ट्रेलरची नोंदणी आहे काय, विमा आहे काय, हे मी विचारले नाही. अशिलाने असे काही केले असते तर मी त्याला दोन तास फैलावर घेतले असते.

मी आणि माझी मुलगी असे दोघे जानेवारी महिन्यात गोव्यास गेलो. नौका ट्रेलरवर चढवली, दोर आवळले, नौकेहून लांब अशी तिची डोलकाठी वर आडवी बांधली आणि तिच्या मागच्या टोकाला लाल फडके लावले. मग मामींनी शिधा बाहेर काढला. गोव्याच्या आजोळाहून रिकाम्या हाताने कोण येतो? साठ नारळ, उकड्या तांदळाचे पोते, आमसुले, पापड, आणि "तुमच्या हैदराबादेत असलो मेळचो ना" म्हणून एक दगडी रगडा. नौकेच्या पुढच्या भागात डोलकाठीचा आधार आणि शिडांच्या पिशव्या होत्या. मागचा भाग मोकळा होता. म्हणून सारे सामान मागे गेले.

मामा सोप्यावर बसून नुसते ऐकत होते. निघताना त्यांनी विचारले, "रगडो खंय दवरला?"

"मागे ठेवला, मामा. तिथेच जागा होती."

"अरे, मुखार मातशें जड आसूंक जाय. फाटल्यान न्हय."

मी "बरं, मामा" म्हणालो आणि मोटार सुरू केली. दोर पुन्हा सोडायचे, पोते पुन्हा उचलायचे, याचा मला कंटाळा आला होता. त्यांना दिसत नाही, तेव्हा मी काय केले हे त्यांना कळणार नाही, असेही मनाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात आले असावे. हे लिहिताना मला आज लाज वाटते.

अनमोडचा घाट आम्ही सावकाश चढलो. बेळगाव, विजयपूर, कलबुर्गी असे टप्पे झाले. वाटेत खड्डे होते, त्यामुळे वेग बेताचा होता आणि ट्रेलर गुणी बालकाप्रमाणे मागून येत होता. हुमनाबादेला आम्ही पुण्याहून येणाऱ्या हमरस्त्याला लागलो. रस्ता रुंद, गुळगुळीत. घर शे-दीडशे किलोमीटरांवर. मी वेग वाढवला. जहिराबादच्या अलीकडे एका उतारावर मोटारीच्या पाठीला कोणी हलकासा धक्का द्यावा तसे झाले. मग दुसऱ्या बाजूने. आरशात नौका प्रथम डावीकडे दिसली, मग उजवीकडे. प्रत्येक हेलकाव्यात पहिल्याहून अधिक दूर. आमच्या उजवीकडून एक मोटरसायकल पुढे जात होती. तीवर एक पुरुष, मागे बाई आणि दोघांच्या मध्ये लहान मूल. मी घाबरून ब्रेक दाबला, आणि हेलकावा दुपटीने वाढला. मुलगी ओरडली. माझा पाय भीतीनेच ब्रेकवरून उचलला गेला, चाक हातात गच्च धरले गेले. वेग आपोआप उतरला, आणि ट्रेलर हळूहळू सरळ झाला. मोटरसायकलवाला रस्त्याच्या कडेला मातीत उतरून कसाबसा सावरला. तो काहीच बोलला नाही. बाईने मात्र मागे वळून माझ्याकडे पाहिले. मग ती तिघे निघून गेली.

असा हेलकावा सुरू झाला की ब्रेक मारू नये, चाक उलटसुलट फिरवू नये, केवळ वेग सोडून द्यावा, हे मी नंतर शिकलो. त्या क्षणी मला जे वाचवले ते ज्ञान नव्हे. ब्रेकवरून पाय घाबरून सुटला, एवढेच.

आम्ही रस्त्याच्या कडेला बसलो. उसाचा हंगाम होता. एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढीत सावकाश समोरून गेला, आणि त्या दोन ट्रॉल्यांमधली खीळ पाहून मला एक जुना खटला आठवला.

वकिलीच्या आरंभीची गोष्ट. याच भागात उसाच्या ट्रॉलीची खीळ तुटून ती सुटली होती आणि सायकलवरून जाणारा एक मजूर तीखाली गेला होता. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे मी विमा कंपनीच्या बाजूने उभा होतो. माझे म्हणणे एवढेच होते की, ट्रॅक्टरचा विमा आहे, ट्रॉलीचा नाही. आणि कायद्याच्या दृष्टीने ट्रॉली हे स्वतंत्र वाहन आहे. ते खरेही होते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम २ मधील व्याख्येप्रमाणे मोटारीने ओढला जाणारा ट्रेलर हेही वाहनच. त्याची नोंदणी कलम ६१ प्रमाणे निराळी. माझा पक्ष जिंकला. भरपाई मालकाने द्यावी असा निर्णय झाला, आणि मालकाकडे देण्यासारखे काही नव्हते. मजुराच्या विधवेच्या हाती निकालाची प्रत पडली. ती वाचता येत नव्हती म्हणून तिने ती माझ्यापुढेच धरली. त्या बाईने जसे पाहिले होते तसेच मोटरसायकलवरच्या बाईने पाहिले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु तिच्या हातातला तो कागद माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला, हे खरे. माझ्या मागे उभा असलेला ट्रेलर बिननोंदणीचा, बिनविम्याचा, आणि वर उलाळ. त्या तिघांचे काही झाले असते तर माझ्याविरुद्ध उभ्या राहणाऱ्या वकिलाला फार श्रम पडले नसते.

रगडा आणि नारळ आम्ही मोटारीत पुढे घेतले आणि चाळिसाच्या वेगाने घरी आलो.

दुसऱ्या दिवशी मी जे करायला हवे होते ते, म्हणजे प्रवासानंतर, केले. वजनकाट्यावर नुसता ट्रेलर भरला ३१० किलो. नौका आणि सामानासह ५८०. नौकेच्या दुपटीहून अधिक वजन आमचे आणि ट्रेलरचेच होते! मग घरातला माणसे तोलण्याचा काटा दोन विटांवर ठेवून त्यावर ट्रेलरच्या दांड्याचे टोक टेकवले. सामान गोव्याहून निघताना होते तसे ठेवल्यावर काट्याने दाखवले ६ किलो. चाळीस किलोचा रगडा उचलून आसाच्या पुढे ठेवला तेव्हा झाले ३८. एका दगडाच्या जागेने एवढा फरक! जाणकार सांगतात की एकूण भाराचा साधारण पाच ते दहा टक्के अंश दांड्याच्या टोकावर, म्हणजे मोटारीच्या हुकावर, आला पाहिजे. अमेरिकेत तर दहा ते पंधरा टक्के धरतात. मोटारीच्या हुकाची कमाल मर्यादाही तिच्या पुस्तिकेत दिलेली असते आणि ती ओलांडायची नसते. 'मुखार मातशें जड' याचा अर्थ एवढाच. मामांनी तो टक्केवारीशिवाय सांगितला होता, आणि उदगीरच्या गड्याने त्याच्याही आधी.

परंतु दुसरा धडा अद्याप यायचा होता. नौका उतरवली तेव्हा तळाच्या प्लायवूडला दोन ठिकाणी चिरा गेलेल्या दिसल्या. ट्रेलर एवढा भक्कम आणि चिरा कशा? याचे उत्तर मला मुशीराबादकडच्या एका गल्लीतल्या वेल्डर उस्तादांनी दिले. त्यांनी ट्रेलरच्या पाट्यांवर पाय देऊन जोर केला. पाटे तसूभरही दबले नाहीत. टनभर वजनासाठी केलेले पाटे अडीचशे किलोंनी वाकत नाहीत. आणि पाटा वाकला नाही की प्रत्येक खड्ड्याचा धक्का जसाच्या तसा नौकेच्या अंगात जातो. त्यात नौका टेकली होती चौकटीच्या आडव्या लोखंडावर. जेथे तिच्या आत कणा किंवा आडवी फळी नाही अशा नाजूक जागी. तेव्हा ट्रेलर लहान असणे जसे वाईट तसे तो फार मोठा असणेही वाईटच. 'मोठा तो सुरक्षित' हा माझा युक्तिवाद उस्तादांनी पायाच्या एका दाबाने फेटाळला.

आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली आणि माझ्या अंगावर काटा आला. ट्रेलरची वाटी ५० मिलिमीटरच्या गोळ्यासाठी घडलेली होती. माझ्या मोटारीच्या हुकाचा गोळा सुमारे ४८ चा. नजरेला फरक दिसत नाही, वाटी बसते, चाप लागतो. परंतु मोठ्या हिसक्यात ती गोळ्यावरून उडू शकते. खाली साखळीही नव्हती.

मी म्हटले, "उस्ताद, मग याच ट्रेलरमध्ये काही दुरुस्ती?"

"नक्को, वकील साब. पैले कश्ती लाओ, बाद में गाडी बनाते."

नौका आधी, गाडी मागून. त्यांनी नौकेचे माप घेतले, तिच्यासह शिडे, डोलकाठी, सुकाणू असे सारे सामान तोलले, आणि मग हलका ट्रेलर घडवला. पाटे त्या भाराला दबतील असे. कण्याखाली रबराची रुळे, आणि नौकेच्या आतील आडव्या फळ्यांच्या बरोबर खाली गालिच्याने मढवलेले दोन लाकडी आधार. आस चौकटीवर पुढेमागे सरकवता येईल असा ठेवला. नौका बसवून, दांड्याचे टोक तोलून, मगच त्याचे बोल्ट आवळले. वाटीच्या मापाचा गोळा मोटारीला लावला. दांड्याखालून दोन साखळ्या फुलीसारख्या एकमेकींना ओलांडून नेल्या; वाटी निसटलीच तर दांडा जमिनीत न रुतता त्या झोळीत पडावा म्हणून. मागे दिवे. पट्टे रुंद, आणि आवळायचे ते नौका हलणार नाही इतकेच, तिची कड चेपेल इतके नव्हे. चाकांच्या बेअरिंगांत ताजे ग्रीस; आणि दूरवरून आल्यावर चाकांचे तुंबे तापलेले असताना ते एकदम पाण्यात बुडवायचे नाहीत, कारण गार होताना ते पाणी आत ओढून घेतात. पहिल्या वीस किलोमीटरांवर थांबून सारे पुन्हा हाताने चाचपायचे. प्रवासाचे सामान असेल ते मोटारीत, नौकेत नौकेचेच.

राहिले कागद. नोंदणी आणि विमा यांसाठी मला खेटे घालावे लागले, आणि ते मी घातले. २००१ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, केवळ ट्रॉली जोडली म्हणून ट्रॅक्टर चालवणाऱ्याचा परवाना निष्फळ ठरत नाही. हा निकाल मी अनेकदा वाचून दाखवला आहे. त्याचा अर्थ मी आता माझ्यापुरता असा घेतो की, मागे काही जोडले तरी हाकणारा तोच राहतो, आणि उत्तरदायीही तोच. आरशात जे अर्धवट दिसते तेही आपलेच असते.

जुलै महिन्यात नौका प्रथम हुसेनसागराच्या उतारावर नेली. त्या उतारावरून समोर बुद्धाची मूर्ती दिसते. हैदराबादेत वाढलेल्या माझ्या पिढीला ती पाहून १९९० चा मार्च महिना आठवतो. अठ्ठावन्न फूट उंचीची, तीनशे टनांहून जड अशी ती अखंड पाषाणाची मूर्ती १९८८ मध्ये रायगीरहून साठ-एक किलोमीटर रस्त्याने १९२ चाकांच्या ट्रेलरवरून सुखरूप आली. आणि तलावातल्या खडकापर्यंतचे थोडेसे पाणी ओलांडताना, १० मार्च १९९० रोजी, तराफा कलला, मूर्ती तळाशी गेली आणि माणसे बुडून मेली. मी तेव्हा शाळेत होतो. वडील मला दुसऱ्या दिवशी बांधावर घेऊन गेले होते. सारे शहर निःशब्द पाण्याकडे पाहत उभे होते. मूर्ती पुढे अखंड वर काढली गेली आणि १ डिसेंबर १९९२ रोजी खडकावर उभी राहिली. माणसे परत आली नाहीत. ओझे तेच होते. रस्त्यावर त्याला त्याच्या भाराजोगे वाहन मिळाले, पाण्यावर ते ओझे तोल राखू शकले नाही. लहानपणी मला ते दैव वाटले होते. आता तसे वाटत नाही.

नौका पाण्यात गेली. मुलीने शीड चढवले. उन्हात ते निळेच निघाले. मी मामांना दूरध्वनी केला आणि मामींचा पक्ष हरल्याचे सांगितले. मग जहिराबादची सारी हकीकत सांगितली. रगडा मागेच ठेवला होता हेही. ते बराच वेळ बोलले नाहीत. मला वाटले, रागावले. मग म्हणाले, "व्हडें आमचें, पूण रस्तो सगळ्यांचो, बाबा."

आता कोठेही नौका न्यायची झाली की निघण्यापूर्वी माझी मुलगी विटांवर काटा मांडते, दांड्याचे टोक त्यावर टेकवते आणि वाकून आकडा वाचते. मी मोटारीत बसलेला असतो. तिने आकडा सांगितल्याखेरीज मी किल्ली फिरवत नाही. शेजाऱ्यांना हा प्रकार विनोदी वाटतो. ते हसून विचारतात, वकीलसाहेब, होडीचे वजन रोज का वाढते? मीही हसतो. तो मोटरसायकलवाला कोण, कोठला, मला ठाऊक नाही. पण त्या तिघांना पुढे जाऊ देण्याइतकी वाट मी दर वेळी त्या काट्यावर मोजून घेत असतो.